शेंबीवाले भाऊ

"हिले सर्दी झाली, साहेब. आज हिच्यानं खेळू नका."

पार्टिशनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी पुस्तकांच्या पाठींवर नंबर चिकटवत बसले होते. लायब्ररीतला माझा तो पहिलाच आठवडा. पलीकडे कोणीतरी हसलं. भिंतीच्या घोडीवर काठी टेकल्याचा आवाज आला, आणि तोच घोगरा, जाड आवाज पुन्हा म्हणाला, "शेंबी ढिली झाली. टक् म्हणते अन् मागून शिंकते. पाहाची काय गरज? ठेवा तिथं, उद्या न्या."

नथूभाऊंची आणि माझी ओळख ही अशी झाली. म्हणजे त्यांच्या आवाजाची आणि माझ्या कानांची.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमची इन्स्टिट्यूट होती. साहेब लोक जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्यांचं बिलियर्डचं टेबल तिथेच होतं. एवढं जड टेबल कोण कुठे नेणार! त्याच दालनाचा मागचा तुकडा फळ्या ठोकून वेगळा केला होता, ती लायब्ररी. मधल्या फळ्यांत एक चौकोनी खिडकी होती. वर्तमानपत्रं आणि मासिकं तिच्यातून पलीकडे द्यायची. बायकांनी बिलियर्डच्या बाजूला जायचं नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कोणी जात नसे, आणि मी जाणं तर शक्यच नव्हतं. माझ्या खुर्चीतून खिडकीवाटे मला हिरव्या टेबलाचा एक कोपरा दिसे, काठ्यांची अर्धी घोडी दिसे, आणि घोडीखाली नथूभाऊंचं स्टूल व त्यांची काळी पत्र्याची पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगात त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं आणि खाली 'गार्ड' असं लिहिलं होतं. नोकरी संपली तरी ती गार्डाची पेटी काही त्यांनी सोडली नव्हती. पूर्वी तिच्यात झेंड्या, कंदील आणि डबा असायचा. आता कानस, करवतीचं पातं, लाखेच्या कांड्या आणि शेंब्या असायच्या. झेंड्या मात्र अजून होत्या. त्यांचं पुढे सांगते.

बिलियर्डच्या काठीला बारीक टोकाला चामड्याची टिकली असते. चेंडूला लागते ती टिकली. तिच्याखाली अर्ध्या पेराएवढं एक नळकांडं बसवतात, तीच शेंबी. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला जमिनीकडून असते तशीच, पण नाजूक. सगळा दणका ती खाते, म्हणून लाकूड फाटत नाही. भाऊ नव्या मेंबराला समजावत, "दोन डब्यांच्या मधात बफर असते ना, तशी. बफर काढून पाह्य, मंग कळते."

भाऊ मूळचे फैजपूरचे. घरी केळीची बाग, भावांचे मोठे संसार. हे एकटे रेल्वेत आले आणि रिटायर झाल्यावरही गावी जाईनात. मुलगा न्यायला आला की त्याला म्हणत, "केळीले माह्या हाताची गरज नाही. इथं हाये." उंच, किडकिडीत अंग, गार्डाचा पांढरा कोट, त्याची पितळी बटणं रोज घासलेली. स्वभावाने गर्विष्ठ म्हणावेत असेच. चहा बशीत ओतून घेत, आणि कोणी 'मिस्त्री' म्हटलं की बशी खाली ठेवत. "मिस्त्री नाही. गार्ड. तोंड धुवून या."

ते स्वतः कधी खेळत नसत. मी तिथे होते तेवढ्या काळात त्यांना चेंडू मारताना पाहिलं नाही. इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी प्रधानसाहेब, आमच्या कॉलनीतले सगळ्यांत चांगले खेळाडू, त्यांनी एकदा चिडवलं, "नथूभाऊ, दुसऱ्यांच्या काठ्या नटवता, एक डाव तर मारून दाखवा."

"साहेब, गार्ड गाडी चालवते का?"

"नाही."

"तो मागच्या डब्यात बसते. पण त्यानं झेंडी दाखवल्याबिगर तुमचा ड्रायव्हर जागचा हालते का?"

प्रधानसाहेबांनी ते उत्तर पुढे दहाजणांना सांगितलं.

शेंबी कशाची बसवायची हे भाऊ काठी पाहून ठरवत नसत, माणूस पाहून ठरवत. पाहून हा शब्दही चुकीचा आहे. टेबलाकडे पाठ करून ते स्टुलावर बसत आणि त्या माणसाला नुसते चेंडू मारत राहायला सांगत. दणकट हाताच्या, तापट माणसाला शिंगाची. "शिंग दणका पिऊन घेते. गरीब जात." शिंग म्हशीचं. ते तेलात मुरवत ठेवत, नाही तर त्याला किडा लागतो. हलक्या हाताच्या माणसाला हस्तिदंताची, पण तो हस्तिदंत भुसावळच्या उन्हाळ्यात रुसतो आणि तडकतो, म्हणून चैत्र लागला की त्यावर ओलं फडकं. पितळेवर त्यांचा राग होता. "पितळ बडबडं. मारणाऱ्याचा हात कसा आहे ते ऐकूच देत नाही, आपलंच सांगत बसते." ज्याला काहीच जमत नाही अशा मेंबराला ते पितळ देत, आणि मेंबराला वाटे आपल्याला सोन्यासारखी चकचकीत मिळाली.

एकदा दोघातिघांनी मिळून त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. भाऊ पाठ करून चहा पीत होते. एकाने दुसऱ्याची काठी घेऊन फटका मारला.

"सपकाळे," भाऊ न वळता म्हणाले, "प्रधानसाहेबांची काठी जागेवर ठेव. ते येऊ राहिले पायरीवर."

आणि खरंच प्रधानसाहेब पायरीवर होते.

मीही मग ऐकायला शिकले. दुसरं काय करणार होते? कॉन्व्हेंटमध्ये माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. घरी आल्यावर माझ्या मराठीला आत्या हसायच्या, शाळेत माझ्या इंग्रजीला मडमांच्या मुली हसायच्या. त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलणं बरं, असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. पुस्तक द्यायचं, शिक्का मारायचा, मान हलवायची. भाऊंनी माझं नाव कधी विचारलं नाही. खिडकीत येऊन ते म्हणत, "काय वं लायब्ररी, आजचा पेपर?" मी पेपर देई. फैजपूरहून केळी आली की एक फणी वर्तमानपत्रात गुंडाळून खिडकीच्या फळीवर ठेवत. त्यांच्या कोटाच्या बाहीवर केळीच्या चिकाचा एक काळा डाग होता. तो कशानेच जात नाही. तेवढा एक डाग सोडला तर कोट दुधासारखा.

एकदा प्रधानसाहेब त्यांना म्हणाले, "ही मुलगी बोलतच नाही हो." मी ऐकते आहे हे दोघांनाही माहीत असणार. भाऊ म्हणाले, "शिंगाची आहे. बरं असते ते." खूप दिवस त्या वाक्याचं काय करावं हे मला कळलं नाही.

पन्नालालजींची गोष्ट सांगायला हवी, कारण ती न सांगता भाऊ कळायचे नाहीत. पन्नालालजी जळगावचे कापडाचे व्यापारी, जैन, रेल्वेला गणवेशाचं कापड पुरवायचे, म्हणून त्यांना इन्स्टिट्यूटमध्ये पाहुणा म्हणून खेळू देत. त्यांनी स्वतःची काठी आणली आणि भाऊंना म्हणाले, "भाऊसाहेब, प्रधानसाहेबांच्या त्या जुन्या काठीला आहे ना, तशी पांढरी बसवा. शोभते."

"पांढरी हत्तीच्या दाताची असते, शेठ."

"दात म्हणजे हाडच की!" पन्नालालजींनी हात मागे घेतला. "मग ती काळी?"

"काळी शिंगाची."

"राम राम! हे सगळं तुम्ही लोक हातात धरता?"

ते बाहेर चहाला गेले तसे बाकीचे भाऊंभोवती जमले. "द्या ना पांढरी. त्याले कोण सांगू राहिलं? म्हणा, चिनी मातीची आहे."

भाऊंनी पेटीचं झाकण लावलं. "त्याच्या हातात देऊ अन् त्याले सांगू नाही? मी गाडीत काय भरलं ते कागदावर खोटं कधी लिहिलं नाही."

"मग पितळ द्या."

"पितळ नाही. हात चांगला आहे त्याचा."

पुढचे काही दिवस भाऊ गायब. मग एका संध्याकाळी खिशातून त्यांनी लालभडक शेंबी काढली. रुळांच्या सांध्यात सिग्नलची वीज अडवायला जो लाल फायबर घालतात, त्याचा सिग्नलवाल्यांनी टाकून दिलेला तुकडा त्यांनी मागून आणला होता. तो कागद आणि रसायनाचा. त्यात ना हाड ना शिंग. काठीच्या टोकाची खुंटी तासून, तिच्यावर शेंबी गरम लाखेत बसवून त्यांनी ती काठी पन्नालालजींच्या हातात दिली. "शेठ, कोणत्याही जिवाची नाही. पण एक सांगतो, पावसाळ्यात ही फुगेल. तेव्हा घेऊन या, तासून देईन." सगळ्यांनी त्या काठीचं नाव 'कुंकूवाली' ठेवलं. पन्नालालजींना त्याचा राग नव्हता. ते प्रत्येकाला दाखवत, "देखो, सिग्नलची आहे. आपण लाल दाखवला की समोरचा थांबणार!"

मला हे दिसत होतं ते त्या चौकोनी खिडकीएवढंच. पण ऐकू सगळं येत होतं. म्हणून मला ते आधी कळलं.

आधी इतकंच वाटलं की भाऊ पितळेवरचा राग विसरले. सपकाळ्यांची शिंगाची शेंबी गेली, तिथे पितळ आलं. मग आणखी एकाची. मेंबरं खूश. हळूहळू घोडीवरच्या काठ्या एकामागून एक पिवळ्या होत गेल्या, आणि पलीकडून येणारे आवाज एकसारखे, टणक, मोठे झाले. भाऊ आता एकदा मारून समाधान मानत नसत. "पुन्हा मारा. आणखी एकदा." नंतर नंतर ते काठीचं जाड टोक दातांत धरत आणि दुसऱ्या हाताने टिकलीकडून टिचकी मारत. कोणी हसलं तर म्हणत, "दाताले जास्त कळते." तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना शिंग ऐकू येईनासं झालं होतं. पितळ तेवढं अजून येत होतं.

प्रधानसाहेबांनाही कसला तरी वास लागला होता. एकदा ते सपकाळ्यांना म्हणाले, "भाऊंच्या हातात आता पूर्वीसारखं राहिलं नाही. धुळ्याच्या मॅचनंतर काठ्या मुंबईला पाठवत जाऊ. दुकान आहे चांगलं."

"मग भाऊ?"

"भाऊंनी खूप केलं. पेटी तेवढी घरी न्यायला सांगू. कोपरा मोकळा होईल, खुर्च्या ठेवता येतील."

भाऊ तिथेच स्टुलावर होते. त्यांनी बशीतला चहा फुंकला. त्यांना ऐकू आलं नव्हतं.

एके दिवशी एका काठीची शेंबी मागून शिंकली, आणि भाऊ म्हणाले, "फस क्लास." माझ्या हातातला शिक्का खाली पडला. भाऊंनी तो पडताना पाहिला असावा. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग त्या माणसाला म्हणाले, "थांबा. पुन्हा पाहू द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल थोडं फिरवून ठेवलं, आता त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. कोणी फटका मारला की ते माझ्याकडे पाहत. आवाज निर्मळ असेल तर मी हात पुस्तकावर पालथा ठेवी. शिंक असेल तर मूठ मिटे. याबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही. केळीची फणी मात्र आता दर आठवड्याला येऊ लागली.

धुळ्याच्या क्लबाशी मॅच मे महिन्यात होती. भुसावळचा मे म्हणजे दुपारी दाराची कडीही धरवत नाही. त्या दिवसांत इन्स्टिट्यूटच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावत आणि त्यांच्यावर पाणी शिंपडत. दालनातल्या चार पडद्यांपैकी एकच धड भिजे, तो लायब्ररीच्या बाजूचा. प्रधानसाहेबांच्या काठीची हस्तिदंताची शेंबी उन्हाने चिरली. त्यांनी ती भाऊंकडे दिली तेव्हा चेहऱ्यावर मेहेरबानीचा भाव होता. भाऊंनी पितळ निवडलं. अशा उन्हात काठीही चिरू नये म्हणून त्यांनी ती भिजलेल्या पडद्याजवळ, माझ्या कपाटाला टेकून ठेवली. दोन दिवस ती तिथे उभी होती. पाण्याचा तुषार तिच्यावर येत होता. तिथेच बसून त्यांनी खुंटी तासली, शेंबी बसवली, आणि ती इतकी घट्ट बसली की लाखही फारशी लागली नाही. भाऊ खूश झाले. मीही. लाकूड ओलाव्याने फुगलेलं आहे, कोरड्या दालनात गेलं की ते पुन्हा आक्रसणार, हे आम्हां दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. भाऊंना आयुष्यभर जे ठाऊक होतं, ते त्या दिवशी त्यांच्या हातातून निसटलं. आवाजाच्या काळजीत असतील.

नंतरचं सगळं थोडक्यात सांगून टाकते, कारण मला शेवटी त्या दुपारकडेच यायचं आहे. त्या पावसाळ्यात भाऊ मुलाबरोबर फैजपूरला गेले. पेटी बैलगाडीतून स्टेशनवर गेली आणि तिच्यावर ते स्वतः बसले होते. प्रधानसाहेब पोहोचवायला गेले होते. काठ्या मुंबईला गेल्या नाहीत, जळगावचा एक सुतार येऊन बसवू लागला. कोणत्या काठीला काय बसवायचं ते मला विचारायला प्रधानसाहेब खिडकीशी येत. माझं लग्न झालं, मी जळगावला आले, आणि भाऊंचं पुढे मला काही कळलं नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ते अजून उभे आहेत ते त्या दुपारचे, दोन्ही हातांत झेंड्या घेतलेले.

झेंड्यांचं असं होतं की मोठ्या मॅचच्या आधी ज्याची काठी त्याने एक चेंडू मारायचा आणि भाऊंनी, टेबलाकडे पाठ करून, ऐकायचं. पसंत पडलं तर पेटीतली हिरवी झेंडी वर करायची आणि ओरडायचं, "ऑल राइट!" त्याशिवाय मॅच सुरू होत नसे. साहेबांच्या काळापासूनचा तो खेळ होता, आणि पाहुण्या क्लबांना तो बघायला फार आवडे.

त्या दिवशी दालन माणसांनी भरलं होतं. धुळ्याची मंडळी, कॉलनीतले लोक, कुंकूवाली काठी घेऊन पन्नालालजी. जागा नव्हती म्हणून दोघं धुळेकर माझ्या खिडकीच्या फळीवरच बसले, माझ्याकडे पाठ करून. मला टेबलाचा कोपरा दिसेना. भाऊ तेवढे दिसत होते, दोन पाठींच्या मधल्या फटीतून, तेही अर्धे. त्यांना मी दिसत नव्हते.

प्रधानसाहेबांनी फटका मारला.

टक्. आणि मागून ती बारीक शिंक.

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं. तिथे पाठी होत्या. ते एका बाजूला वाकले, मग दुसऱ्या बाजूला. लाल झेंडी त्यांच्या डाव्या हातात होती, हिरवी उजव्या हातात गुंडाळलेली. त्यांनी हिरवी थोडी वर केली आणि थांबवली. मी मूठ मिटून उभी होते, ती कोणाला दिसणार!

"चला भाऊ," प्रधानसाहेब हसून म्हणाले, "सिग्नल द्या."

फळीवर बसलेल्या धुळेकराला वाट पाहवेना, तो अहिराणीत ओरडला, "बठ्ठा वाट दखी ऱ्हायनात, भाऊ! दाखाडा ना झेंडी!"

सगळे हसले. हात वर केला असता तर संपलं होतं. पुढे डावात शेंबी निखळली असती, तर उन्हाला दोष देता आला असता. कोणालाही कळलं नसतं. भाऊंनी पन्नालालजींकडे पाहिलं की नाही ते मी सांगू शकत नाही, मला तेवढं दिसत नव्हतं. त्यांनी दोन्ही झेंड्या एका हातात घेतल्या, त्या पेटीवर ठेवल्या आणि ते प्रधानसाहेबांकडे वळले.

"झेंडी नाही देत," ते म्हणाले. "मले ऐकू आलं नाही."

"पुन्हा मारतो," प्रधानसाहेब म्हणाले.

"पुन्हा मारून काय होते? मले ऐकूच येत नाही, साहेब. केव्हाचं येत नाही. तुम्ही आता काय बोलले तेही मी ओठ पाहून समजलो." भाऊंनी कोटाचं वरचं बटण लावलं, गाडी सुटायच्या आधी लावत असतील तसं. मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि, बहिरी माणसं बोलतात तसं, खूप मोठ्याने विचारलं, "लायब्ररी! कशी वाजली वं?"

फळीवरचे दोघे दचकून उतरले. खिडकी मोकळी झाली, आणि सगळं दालन माझ्याकडे पाहत होतं. प्रधानसाहेब हातातल्या काठीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने. मी मूठ वर केली. पण आता भाऊंना मूठ नको होती. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि हात कानामागे धरला. मी काहीतरी बोलले. ते मलाच ऐकू आलं नाही. भाऊ तसेच वाकून उभे, हात कानामागे, बाहीवरचा केळीचा काळा डाग माझ्याकडे.

मी खुर्ची मागे सारली, खिडकीत दोन्ही हात टेकले, आणि त्या दालनातल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हिले सर्दी झाली, भाऊ!"